टेम्पोतून न आलेला माणूस

लायब्ररीची आठवण म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत आहे. जुन्या पुस्तकांचा वास, उंच कपाटं, नाकावर चष्मा घसरलेला म्हातारा ग्रंथपाल, आणि एक गरीब होतकरू पोरगा, जो वाचून वाचून मोठा डॉक्टर होतो. नाहीतर मग दुसरी गोष्ट: आडबाजूचं गाव, तिथे कॉम्प्युटर येतो, इंटरनेट येतं, सगळ्यांचं भलं होतं आणि शेवटी टाळ्या वाजतात. यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी बसला असाल तर उठा, चहा पिऊन या. आमच्या लायब्ररीत वास यायचा तो फिनाईलचा, कारण भिंतीपलीकडे दवाखान्याचा संडास होता. ग्रंथपाल म्हातारा नव्हता, एक बाई होत्या, आणि त्यांना पुस्तकांपेक्षा लोणच्यातलं जास्त कळायचं. होतकरू पोरगा मी असू शकलो असतो, पण मी होतकरू नव्हतो, नकलाकार होतो. टाळ्या मात्र वाजल्या, हे खरं आहे. त्या टाळ्यांचंच सांगून राहिलो.

मी सौंदडचा. घरी पोवारी, शाळेत मराठी, गोंदियात गेलो की हिंदी, आणि इंग्रजी फक्त कॉम्प्युटरशी. शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात शेजारच्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती, आणि तो वर्ग खरंच घरी गेला होता. स्टेशनावर नाक दाबून गाडी लेट असल्याचं असं सांगायचो की गाडीसाठी उठलेल्या बाया पुन्हा बोचकं उशाला घेऊन आडव्या व्हायच्या. बाबा म्हणायचे, "याले साऱ्या गावाचा आवाज येते, सोताचाच येत नाही." मला ते कौतुक वाटायचं.

पुढे गोंदियात कॉम्प्युटरचा कोर्स केला, वेबसाइट बनवायला शिकलो. ब्रॉडबँड तेव्हा नुकतं आलं होतं, आणि ज्याला वेबसाइट बनवता येते त्याच्याकडे लोक देवऋषीकडे पाहावं तसे पाहायचे. गोंदियातून निघून फुलचूर मागे टाकलं की थोडं पुढे एका ट्रस्टचं मेडिकलचं कॉलेज होतं, कॉलेजला लागून दवाखाना. नाव सांगत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करू नका. अशी कॉलेजं फक्त गेटवरून वेगळी दिसतात, आतून सगळी सारखीच. तिथे कॉम्प्युटरवाला पोरगा पाहिजे होता, म्हणून गेलो.

प्राचार्य साहेब नागपूरकडचे. केसांना रंग, बोटात दोन अंगठ्या, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी.

"ऑनलाइन लायब्ररी बनवता येते का?"

"येते साहेब."

"कशी दिसेल?"

"मस्त चालेल साहेब."

"चालेल का ते नाही विचारलं मी. दिसेल कशी?"

मी म्हटलं, "एकदम भारी दिसेल." नोकरी लागली. एवढ्या सरळ प्रश्नातला अर्थ मला तेव्हाच कळायला पाहिजे होता, पण मी त्यांचं 'दिसेल कशी' हे घरी जाऊन कसं म्हणून दाखवायचं याचा सराव करत बाहेर पडलो.

लायब्ररीत एक कॉम्प्युटर होता, त्याच्यावर फुलाफुलांचं कापड. बाईंनी ते दसऱ्याला काढून हळदकुंकू लावलं होतं आणि पुन्हा झाकून टाकलं होतं. मी कापड ओढलं तर म्हणाल्या, "कायले हात लावतेस बाप्पा? बिघडलं तं माह्या माथी येईल."

"बाई, हा बिघडावा म्हणून नाही, चालावा म्हणून आणला आहे."

"कोनी सांगतलं तुले?" बाई खरंच चकित झाल्या होत्या.

पण त्या कॉम्प्युटरमध्ये एक खजिना होता. कॉलेजने परदेशी मेडिकल जर्नलांची वर्गणी भरलेली होती, कारण कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीच्या कागदात तसा रकाना होता. या जर्नलांचं असं असतं, की लेखाचा वरचा गोषवारा जगात कोणालाही फुकट दिसतो, पण आतला मजकूर कुलपात. ते कुलूप फक्त आमच्या कॉलेजच्या लाइनवरून उघडायचं. म्हणजे जगभरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं फुलचूरच्या पुढे, फुलाफुलांच्या कापडाखाली होतं, आणि बाजूला कैरी वाळत होती.

मी वेबसाइट बनवली. एका पानावर सगळ्या पुस्तकांचा शोध. दुसऱ्या पानावर एक मोठा चौकोन: काय पाहिजे ते लिहा, तुमचा ई-मेल द्या, आम्ही पाठवतो. चौकोन चालू झाला तसे कॉलेजच्या पोरांनी लिहायला सुरुवात केली. 'एक समोसा, गरम.' 'शरीररचनेच्या सरांची बदली कुठे मिळेल?' मी त्याच सरांच्या ढंगात उत्तर द्यायचो, "वत्सा, आधी हाडं मोज." पोरं खूश, मी खूश. कामाचं असं एकही मागणं येत नव्हतं.

मग प्राचार्यांनी मला बोलावलं. "ग्रामीण भागाला सेवा, असं एक कलम आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांना पत्र गेलं असं दाखवायचं. आमची ऑनलाइन लायब्ररी आपल्या सेवेत, वगैरे. एक प्रत फाइलला लाव."

मी पत्रं बनवली, पत्ते घातले, एक प्रत फाइलला लावली आणि बाकीची सगळी पोस्टात टाकली. दाखवायचं म्हणजे पाठवायचं नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नवा होतो. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, "अगा, खरंच टाकली काय तू? आता कोनी आलं तं?"

कोणी आलं नाही. एक फोन आला. आवाज असा, की पलीकडच्या माणसाला कोणीतरी तासभर रांगेत उभं ठेवलं आहे.

"तुमचं ते पान खरंच चालते, का असंच आहे?"

"चालते सर."

"मी नवेगाव बांधकडून बोलून राहिलो. सरकारी दवाखाना. मन्यार सापाचं विष उतरवायचं इंजेक्शन किती द्यायचं त्याच्यावर एक लेख आहे, मी मागणी टाकली. पाठवा." फोन ठेवला. नमस्कार नाही, धन्यवाद नाही.

मी तो लेख शोधला, कुलूप उघडलं, पाठवला. संध्याकाळी पानावर एक शब्द आला: 'मिळाला.'

तुम्हाला सांगतो, हेडमास्तर होऊन अख्ख्या वर्गाला घरी पाठवलं तेव्हाही मला इतकं भारी वाटलं नव्हतं. त्यानंतर त्या डॉक्टरचं मागणं सारखं यायला लागलं. नवेगावच्या बसस्टँडजवळ एक सायबर कॅफे होता, मासोळीवाल्याच्या बाजूला. तिथे तो लेख छापून घ्यायचा. एकदा फोनवर म्हणाला, "तुमच्या लायब्ररीच्या कागदाला वास येते राजा." मी म्हटलं, "सर, इकडून फिनाईलचाच निघाला होता, तिकडे मासोळीचा झाला." तो हसला नाही. पण दर वेळी लेख गेला की तो एक शब्द यायचा. मी बाईंना त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचो, ओठ न हलवता, "मिळाला." बाईसुद्धा हसायच्या. पुढे पुढे त्याच मला विचारायला लागल्या, "काऊन गा, आज मिळाला नाही आला?"

मग ती पोरगी आली. म्हणजे पानावर आली, मी तिला कधी पाहिलं नाही.

नऊ-दहा वर्षांची, जंगलपट्ट्यातली, सिकलसेलची. आमच्याकडे हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही, तरी सांगतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसेत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस अंथरुणावरून पाय खाली ठेवू शकत नाही. ही पोरगी त्या पावसाळ्यात सारखी नवेगावच्या दवाखान्यात यायची. एक औषध होतं जे मोठ्यांना देतात. पोरांना कमी मात्रेत दिलं तर दुखणं कमी वेळा येतं, असं एका लेखाच्या गोषवाऱ्यात होतं. मात्रा किती आणि रक्त कधी कधी तपासायचं, ते आत, कुलपात.

डॉक्टरने एरवीपेक्षा लांब लिहिलं होतं. 'नागपूरला विचारलं, ते म्हणतात पोरगी इकडे आणा. बाप नागपूरला जायला तयार नाही. धान कापायला छत्तीसगडकडे निघून राहिला, शनिवारी पोरीला घेऊन जातो म्हणते. जायच्या आधी औषध सुरू करून त्याला सगळं नीट समजावलं पाहिजे. अंदाजानं मी देणार नाही. लेख पाठवा.'

हे आलं बुधवारी रात्री, मी गोंदियातल्या कॅफेत वाचलं; पण लेखाचं कुलूप उघडायला कॉलेजातच जावं लागणार होतं. सकाळी मी कॉलेजात पोचलो तर लायब्ररीला कुलूप, आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात. शुक्रवारी तपासणी होती.

ज्यांना तपासणी माहीत नाही त्यांच्यासाठी. दिल्ली-मुंबईहून कमिटी येते, कॉलेजात सगळं आहे का ते पाहते, आणि मान्यता देते. 'सगळं आहे का' हा फार सोपा प्रश्न आहे. ते एका दिवसासाठी असलं तरी असतंच. सगळ्या खोल्या सजवायच्या, कुलूप लावायचं, आणि कमिटी आली की उघडायच्या. मधल्या काळात तिथे कोणी जायचं नाही, कारण वापरलं की बिघडते.

मी प्राचार्यांकडे गेलो. "साहेब, दहा मिनिटं किल्ली द्या. एक लेख पाठवायचा आहे."

"कोणाला?"

"नवेगावच्या डॉक्टरला. पेशंट आहे, शनिवारी जाऊन राहिली."

"आपल्या कॉलेजचा डॉक्टर आहे का?"

"नाही साहेब."

"आपला पेशंट आहे का?"

"नाही."

"मग?" ते खरंच विचारत होते. मग मऊ होऊन म्हणाले, "देख बेटा, सगळं सेट आहे. शुक्रवार होऊ दे. मग तुझा डॉक्टर आणि तू."

शुक्रवारी सकाळी आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून पेशंट आले. हे काम आमच्या कॅशियरकडे होतं. गोल, घामट, कायम किल्ल्यांचा जुडगा कमरेला. तो प्रत्येकाला एक खाट, एक चिठ्ठी आणि जेवणाचं पाकीट द्यायचा. एका धडधाकट माणसाच्या पायाला प्लास्टर बांधून झालं होतं आणि तो विचारत होता, "मंग म्या लघवीले कसा जाऊ?" एका म्हातारीला खरंच ताप होता. ती कॅशियरला सांगत होती, "भाऊ, माहं आंग तापलं गा." तो म्हणाला, "ओ माय, तू हाडाच्या वार्डात आहेस. ताप बाजूच्या खोलीत. आज हाड दुखते म्हन." म्हातारी बिचारी कमिटीसमोर हाड दुखते म्हणून कण्हली. एरवी मी त्या दोघांची नक्कल करून चार दिवस खाल्ले असते. त्या दिवशी मला करावीशी वाटली नाही.

लायब्ररी उघडली. भाड्याने आणलेले कॉम्प्युटर ओळीने मांडले होते, त्यांच्या मागे वायरी होत्या, पण त्या टेबलाखाली जाऊन संपत होत्या. फक्त आमचा एक खरा. प्राचार्यांनी कानात सांगितलं, "नेट बंद ठेव. नुसतं पान दाखव. नेट चालू असलं की काहीही होते."

मी मान हलवली आणि नेट चालू ठेवलं.

कमिटीतले मोठे साहेब खुर्चीवर बसले. मी पुस्तकांचा शोध दाखवला, चौकोन दाखवला. ते म्हणाले, "छान. कोणी वापरतं का?" आणि तेवढ्यात चौकोनाखाली नवीन मागणी आली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली.

"'लेख मागितला होता. पोरगी उद्या जाते. पाठवता का नाही, ते तरी लिहा.'"

प्राचार्यांचा चेहरा प्लास्टरवाल्या पायासारखा झाला. बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "साहेब, हे खरं आहे. नवेगाव बांधचे डॉक्टर आहेत. तुम्ही बसल्या बसल्या मी लेख पाठवतो, दहा मिनिटं लागतील."

मोठे साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले, आणि मग खो खो हसले. "वा! डेमोसाठी मागणीसुद्धा तयार ठेवली! आणि भाषा बघा, अगदी खेड्यातला वैतागलेला डॉक्टर. प्राचार्य, पोरगा हुशार आहे."

प्राचार्यांच्या अंगात जीव आला. "सर, आमचा हा मुलगा कलाकार आहे. कोणाचाही आवाज काढतो. अरे, ती स्टेशनची अनाउन्समेंट दाखव सरांना."

मी म्हटलं, "साहेब, आधी लेख..."

"दाखव रे."

मी नाक दाबलं आणि गाडी लेट असल्याचं सांगितलं. कमिटीने टाळ्या वाजवल्या. भाड्याच्या कॉम्प्युटरांपुढे भाड्याने आणल्यासारखी बसलेली आमची पोरं होती, त्यांनीही वाजवल्या. सुरुवातीला सांगितलेल्या टाळ्या त्या ह्या. मग सगळे जेवायला गेले.

पाहुण्यांची पाठ वळली तशी प्राचार्यांनी सांगितलं, "दाखवून झालं. आता हा कॉम्प्युटर अकाउंट्सला देऊन टाका, त्यांना केव्हाचा पाहिजे होता." नेटचा डबा आणि प्रिंटर आधीपासून अकाउंट्समध्येच होते. कॅशियर स्वतः कॉम्प्युटर उचलून घेऊन गेला, लेकरू कडेवर घ्यावं तसा. मी मागे पळालो, "भाऊ, दहा मिनिटं बसू द्या."

"आता हा माहा आहे," तो म्हणाला. "तुही लायब्ररी सकाळीच झाली न बे."

पाहुण्यांची जेवणं आणि भाषणं होईपर्यंत दोन तास मी त्याच्या दाराशी घुटमळलो, मग परत लायब्ररीत आलो. बाई भाड्याच्या वायरी गुंडाळत होत्या. आणि दारात एक माणूस उभा राहिला. धुळीने केस पांढरे, चप्पल, घामाने पाठीला चिकटलेला शर्ट, हातात जेवणाचं पाकीट.

"लायब्ररी हीच का? खाली एका माणसाने मला जबरदस्तीने खाट दिली."

आवाज ऐकला आणि मला कळलं. ज्या आवाजाची मी इतके दिवस नक्कल करत होतो, तो माझ्यासमोर उभा होता. नवेगाव बांधहून मोटरसायकलवर आला होता.

"सर, तुम्ही इकडे कशाला आलात?" मी म्हटलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"कायले म्हणजे? दोनदा लिहिलं. तू उत्तर देत नाहीस. पोरगीचा बाप बोचकं बांधून बसला आहे." त्याने ते पाकीट टेबलावर ठेवलं. "लेख दे, मी निघतो."

बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि तेवढ्यात प्राचार्य आले, पाहुण्यांना द्यायच्या शालींचा खोका आमच्या कपाटात ठेवला होता, तो न्यायला. त्यांनी डॉक्टरकडे खालून वर पाहिलं, आणि मला कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाले, "अरे, आता कायले? लायब्ररीचं झालं ना पाहून. पण मानूस जबरदस्त आणला यार तू. चप्पल, धूळ, सगळं एकदम ओरिजिनल. सकाळीच उभा केला असता तर?"

"साहेब, हे खरे डॉक्टर आहेत."

"हो हो." ते मोठ्याने डॉक्टरला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जेवून घ्या. टेम्पो चार वाजता निघेल, चुकवू नका." आणि त्याच्या खांद्यावर थोपटून खोका घेऊन गेले.

डॉक्टर उभाच राहिला. मग म्हणाला, "हे काय चालू आहे?"

बाई म्हणाल्या, "तपासनी आहे जी."

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो खुर्चीत बसला आणि नुसता म्हणाला, "अंदाजानं मी देणार नाही. काही कर."

लायब्ररीच्या फोनवरून आतल्या आतही बोलता यायचं. मी तो उचलला आणि अकाउंट्सचा नंबर फिरवला. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे राइस मिलवाले, गालात कायम पान, बोलताना पानाच्या बाजूने शब्द ओले होऊन निघायचे. मी जीभ गालात सारली.

"सुनो भाई. गेटवर या. अभी."

"हाव साहेब! कोन काम होतं साहेब?"

"फोनवर विचारते का? आजच्या दिवशी कोन काम असन? भाग के आव. कुलूप-बिलूप लावत बसू नको."

"हाव साहेब, हाव साहेब!" खाली किल्ल्यांचा जुडगा वाजत पळाल्याचं आम्हाला वरून ऐकू आलं.

डॉक्टर माझ्याकडे पाहत होता. जे लोक माझ्या नकलांना हसत नाहीत ते मला आवडत नाहीत, पण तो हसला नाही म्हणून त्या वेळी बरं वाटलं. आम्ही दोघं जिना उतरून अकाउंट्समध्ये घुसलो. दार उघडंच. लेख शोधला, कुलूप उघडलं, छापायला टाकला. कागद एकेक बाहेर येत होता आणि तो उभ्या उभ्या वाचत होता, एकाच्या कडेला त्याने पेनाने काहीतरी लिहिलं. शेवटचा कागद आल्यावर त्याने सगळे दुमडून शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवले.

"मिळाला," तो म्हणाला. आणि मागच्या गेटने, टेम्पोच्या बाजूने गाडी काढून गेला.

पुढच्या गेटवर काय झालं ते मला बाईंनी सांगितलं. अध्यक्ष खरंच तिथे उभे होते, कमिटीला शाल-नारळ देत होते. कॅशियर धापा टाकत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. आजच्या दिवशी अध्यक्ष आपल्याला एकाच कामासाठी बोलावू शकतात, हे त्याने पळता पळता ठरवून टाकलं होतं. म्हणून त्याने कमिटीच्या तोंडावर विचारलं, "साहेब, ते पेशंट लोक टेम्पोत बसवू का आणखी झोपवू? जेवनं झाली त्यायची."

कमिटीने नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि आभाळाकडे पाहिलं. मान्यता नंतर आली, ती यायचीच होती. कोणाला काही झालं नाही. म्हणजे फक्त कॅशियरला शिव्या पडल्या आणि त्या त्याने माझ्याकडे पाठवल्या.

त्या पोरगीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. औषध सुरू झालं असेल. बापाने छत्तीसगडात रक्त तपासलं असेल, नसेल. डॉक्टरने नंतर कळवलंही असेल, पण कळवायला जी जागा होती ती दुसऱ्या दिवशी राहिली नाही, आणि त्याचा फोन यायचा तो लायब्ररीच्या फोनवर. तो फोन उचलायला मी तिथे नव्हतो. बाई म्हणाल्या, एकदा वाजला होता, पण त्या डबा धुवायला गेल्या होत्या.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. टेम्पो गेला होता, मांडवाची फुलं काढून झाली होती. बाजूला बाई उभ्या, मान खाली.

"अध्यक्षांचा आवाज काढतो? अध्यक्षांचा? आणि तेही कमिटी गेटवर असताना?"

"साहेब, लेख छापायला पाच मिनिटं पाहिजे होती. त्या पोरगीचा..."

"कोण पोरगी? कुठे आहे पोरगी? मी नाही पाहिली. टेम्पोत होती का?"

"टेम्पोत नव्हती साहेब. नवेगावला आहे. ते डॉक्टर खरंच..."

"बस कर!" त्यांनी टेबलावर हात आपटला, अंगठ्या वाजल्या. "तपासणी संपली, आता तरी बस कर. तुझी प्रॉब्लेमच ही आहे. तुला थांबता येत नाही. तुला लायब्ररी दाखवायला ठेवलं होतं, ती चालवायला कोणी सांगितलं तुला? कोणी सांगितलं? पत्रं पाठवली म्हणे! खरोखरची! बाई, तुम्ही पाहत होता का झोपल्या होता?"

बाई म्हणाल्या, "मी म्हनत होती साहेब, कायले टाकतेस म्हनून."

"उद्या सगळ्या जिल्ह्याचे डॉक्टर इकडे येऊन उभे राहिले असते तर? कोणी निस्तरायचं? पुढच्या तपासणीला विचारलं असतं की रोज किती लेख देता, तर काय तुझं तोंड दाखवू? ते पान बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर आणि घरी जा. सोमवारपासून येऊ नको. तुझ्या बापाला सांगीन मी, पोराला सर्कसमध्ये घाला. शरम नाही वाटत? मोठ्या माणसांची नक्कल करतो, आणि वर खरं खरं म्हणतो!"

मी दारापर्यंत गेलो. त्यांनी हाक मारली. आवाज थोडा खाली आला होता.

"आणि ऐक. पुढच्या तपासणीला निरोप पाठवीन, तेव्हा त्या मानसाले घेऊन ये. डॉक्टर चांगला करते तो. फक्त त्याले सांग, येताना बूट घालून येत जा."